'स्पायडर-व्हर्स'मधले चित्र फाटल्यासारखे का दिसते, आणि तीच जन्मकथा पुन्हा कशाला?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' हा २०१८ चा अ‍ॅनिमेशनपट आपण नऊ वर्षांच्या मुलीबरोबर घरी टीव्हीवर लावला. मागची दृश्ये लाल-निळी फाटल्यासारखी दिसू लागली, पात्रांच्या हालचाली कुठे अडखळत, कुठे विचित्र गुळगुळीत वाटल्या, आणि अर्ध्या तासात आपण तो बंद केला. प्रत खराब होती का, हा आपला पहिला प्रश्न. आणि कोळी चावून स्पायडर-मॅन होण्याची तीच गोष्ट आणखी एकदा पाहण्यात काय हशील, हा दुसरा. प्रत खराब नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून आधी पहिल्याकडे वळतो.

नागपुरात, महालातल्या एका गल्लीत आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवतो. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, शाळांची प्रगतिपुस्तके असे काम असते. डिसेंबर २०१८ मध्ये हा चित्रपट लागला तेव्हा मी भाच्याला घेऊन सीताबर्डीला गेलो होतो. पाचच मिनिटांत त्याने माझी बाही ओढून विचारले, "मामा, हे चित्र असं फाटल्यासारखं कावून दिसून राहिलं? आपल्याला चष्मे द्यायचे राहिले का?" थ्रीडीचा खेळ आहे आणि चष्मे मिळाले नाहीत, असा त्याचा समज झाला होता. पडद्यावर काय चालले आहे ते मला मात्र पहिल्या काही क्षणांतच ओळखू आले होते, कारण तो 'दोष' टाळण्यातच माझ्या वडिलांचे आयुष्य गेले आणि माझेही निम्मे गेले आहे. त्याला छापखान्यात रजिस्टर हलणे म्हणतात.

रंगीत चित्र छापताना सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटा एकाच कागदावर एकापाठोपाठ उमटतात. कागदाच्या कडेला अधिकच्या चिन्हासारख्या बारीक खुणा असतात, आणि चारही रंगांच्या त्या खुणा तंतोतंत एकमेकींवर बसल्या तरच चित्र नीट येते. एक प्लेट केसभर सरकली की ओठाबाहेर लाल किनार येते, डोळ्याच्या बाजूला निळी सावली पडते. एकदा एका लग्नपत्रिकेच्या कामात ही चूक माझ्या हातून झाली होती. गणपतीच्या सोंडेला सगळ्या शीटवर निळी कड आली होती आणि मला ती रात्री दिसली नाही. सकाळी वडिलांनी भिंग लावून वरची एक शीट पाहिली, काही न बोलता अख्खी थप्पी रद्दीत ठेवली आणि यंत्र पुन्हा लावायला घेतले. ती निळी कड अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

अमेरिकेतली साठच्या दशकातली कॉमिक्स स्वस्त, खरबरीत वृत्तपत्री कागदावर भराभर छापली जात. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो अंक ऑगस्ट १९६२ चा, किंमत १२ सेंट. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिटको यांची. अशा अंकांत रंग ठिपक्यांनी बनलेले दिसत आणि अनेकदा रेषेबाहेर सरकलेले असत. 'स्पायडर-व्हर्स'च्या मंडळींनी कागदावरचा हा सरकलेला रंग जाणूनबुजून पडद्यावर आणला. एरवीच्या चित्रपटात ज्या वस्तूवर लक्ष नको असते ती कॅमेऱ्याने धूसर केलेली असते. इथे धूसर करण्याऐवजी त्या भागातले रंग एकमेकांपासून सरकवले आहेत. ज्या पात्राकडे आपण पाहावे असे दिग्दर्शकांना वाटते त्याचे रजिस्टर बसलेले असते आणि त्याच्या मागच्या इमारतींचे हललेले असते. हे एकदा ध्यानात घेऊन पाहिले की डोळ्याला त्रास होत नाही, उलट नजर आपोआप योग्य जागी जाते. गालावरच्या सावल्या ठिपक्यांच्या आहेत, आणि जोरदार हालचालीत एरवी जे फराटे दिसतात ते काढून त्या जागी चित्रकाराच्या हाताच्या रेषा घातल्या आहेत. आपल्याकडे पहिले दृश्य पुन्हा लावण्याची सोय असेल तर चित्र थांबवून कोणत्याही चेहऱ्याची सावली जवळून पाहावी. भिंगाखालच्या शीटसारखीच ती दिसते.

ही नुसती सजावट असती तर मी एवढे लिहिले नसते. कथेत एक यंत्र वेगवेगळी विश्वे एकमेकांत मिसळू लागते, आणि दुसऱ्या विश्वांतून इथे येऊन पडलेले स्पायडर-लोक अधूनमधून रंगारंगांनी तुटतात, जणू त्यांच्या प्लेटा जागेवरून निसटल्या आहेत. ते आपल्या जगात नाहीत, ही गोष्ट अशा रीतीने त्यांच्या अंगावरच छापलेली आहे. कथेचा नायक माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा मुलगा त्यांच्यासारखा तुटत नाही, पण तोही जागेवरून सरकलेलाच आहे. वडील कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी, आई पोर्तोरिकोची परिचारिका. सोडतीत नंबर लागून तो एका हुशार मुलांच्या निवासी शाळेत गेला आहे आणि तिथे त्याचे मन लागत नाही. जुन्या वस्तीतून तो शाळेत निघतो तेव्हा वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याला हाक मारतो, आणि नव्या शाळेच्या दारात मात्र त्याला कोणी ओळखत नाही. एवढ्या एका चालण्यात त्याची सारी अडचण सांगून झालेली आहे.

आता पात्रांच्या अडखळण्याविषयी. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. संगणकावरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे प्रत्येक चौकटीत पात्राची नवी स्थिती असते. इथे मात्र बहुतेक ठिकाणी एक स्थिती दोन चौकटी धरून ठेवली आहे, म्हणजे सेकंदाला १२ स्थिती. हाताने चित्रे काढणारे अ‍ॅनिमेटर पूर्वीपासून असे करत आले आहेत. त्यामुळे प्रत्येक पवित्रा कॉमिकमधल्या चित्रासारखा क्षणभर ठसतो. याचा सर्वांत सुंदर उपयोग जंगलातल्या प्रसंगात आहे. दुसऱ्या विश्वातून आलेला, पोट सुटलेला, थकलेला पीटर पार्कर आणि नवशिका माइल्स झाडांमधून जाळ्याला लोंबकळत पळतात. तिथे अनुभवी पीटर २४ च्या चालीने, सफाईने झोके घेतो, आणि त्याच चौकटीत माइल्स १२ च्या चालीने, धडपडत, त्याच्या मागे येतो. मुलगा कच्चा आहे हे सांगायला एकही संवाद लागत नाही. पुढे त्याला स्वतःची शक्ती साधते तेव्हा त्याची चालही सलग होते. आपण अर्ध्या तासात थांबलात, त्यामुळे हा प्रसंग आपल्याला पाहायला मिळाला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

तीच कथा पुन्हा का, या प्रश्नाकडे येतो. आमच्या घरी वडिलांनी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक सुतळीने बांधून ठेवले होते, आणि वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम' या मुखवटाधारी नायकाच्या, कथा मी त्यातच वाचल्या. त्यातल्या कितीतरी कथांच्या आरंभी दोन-चार चौकटींत तीच हकीकत येई: चाचे, बुडालेले जहाज, किनाऱ्याला लागलेला एकटा माणूस, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. ते पान मी कधी वगळल्याचे आठवत नाही. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, आणि लोकांना वाटते की तो एकच माणूस चारशे वर्षे जिवंत आहे. ही मेख त्या चार चौकटींतच होती. कीर्तनालाही आपण आख्यान ठाऊक नसते म्हणून बसत नाही. 'स्पायडर-व्हर्स'ने हे ओळखले आहे. प्रत्येक नवा स्पायडर-माणूस आला की तो 'चला, शेवटचं एकदा सांगतो' अशा अर्थाचे म्हणत स्वतःची जन्मकथा काही सेकंदांत आटोपतो. आपल्याला ती कथा माहीत आहे हे चित्रपट मानून चालतो, आणि माइल्सच्या कथेला सावकाश वेळ देतो.

१९६२ च्या त्या पहिल्या कथेचा गाभा शक्तीत नव्हता. पीटर पार्करला सहज अडवता आला असता असा चोर त्याने जाऊ दिला आणि त्याच चोराने त्याच्या बेनकाकांना मारले. मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे शेवटच्या चौकटीतले निवेदन त्या अपराधातून आलेले आहे. पुढे पुष्कळांनी ही कथा नव्याने सांगितली. २००४ मध्ये आलेल्या भारतीय स्पायडर-मॅनच्या चार अंकांत नायक पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईला येतो, त्याला शक्ती एका योग्याकडून मिळते, पोशाखात धोतर असते, आणि गुंडांच्या तावडीतल्या एका बाईला मदत करायला तो गेला नाही म्हणून तिच्या मदतीला धावलेल्या त्याच्या भीमकाकांचा जीव जातो. कल्पना मोठी होती, चित्रेही देखणी होती. पण मला वाचताना वाटत राहिले की नावे, कपडे आणि गाव बदलले तरी मुलगा आतून पीटरच राहिला.

माइल्सचे तसे नाही. हे पात्र २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी कॉमिकमध्ये आणले. चित्रपटातही त्याचा एक काका मरतो, पण तो काका साधुपुरुष नाही. एरन काका त्याला भुयारी रेल्वेच्या एका जुन्या बोगद्यात भिंत रंगवायला घेऊन जातो, रंगाची फवारणी शिकवतो, आणि त्याच बोगद्यात माइल्सला कोळी चावतो. तोच काका रात्री किंगपिन या गुंडासाठी माणसे मारतो. समोरचा मुखवट्यातला मुलगा आपला पुतण्या आहे हे कळल्यावर त्याचा हात उठत नाही, आणि किंगपिन त्याला गोळी घालतो. जीव लावणारा माणूसच वाईट कामे करत होता, हे ओझे पीटरच्या वाट्याला कधी आले नव्हते.

त्यानंतरचा प्रसंग मी कितीदा पाहिला याची गणती नाही. इतर स्पायडर-लोक माइल्सला तो अजून तयार नाही म्हणून खोलीत खुर्चीला जाळ्याने बांधून जातात. वडील दाराबाहेर येऊन बोलू लागतात, आणि तोंडावर जाळे असल्यामुळे मुलाला उत्तर देता येत नाही. वडिलांना वाटते की त्याला बोलायचे नाही. एरवी हुकमत गाजवणारा हा बाप बंद दाराशी हळूहळू मऊ होत जातो, आणि मुलगा आत बसून सारे ऐकतो. तिथून तो उठतो तो थेट पीटरच्या मे काकूंकडे. तिथल्या स्पायडर-मॅनच्या पोशाखावर तो काळा रंग फवारतो आणि छातीवर लाल कोळी उमटवतो. त्या कोळ्याच्या कडा सफाईदार नाहीत. फवारा जरा बाहेर गेलेला आहे आणि रंग खाली ओघळला आहे. भुयारात काकाने शिकवलेला हात आणि पीटरचा वारसा अशा दोन्ही गोष्टी त्या ओघळात आहेत. आमच्या छापखान्यात ती शीट रद्दीत गेली असती. इथे तीच त्याची खूण ठरते.

मग तो उंच इमारतीवरून उडी घेतो. भिंतीला चिकटलेली बोटे भीतीमुळे सुटत नाहीत, म्हणून काच फुटून तिचे तुकडे त्याच्या बोटांबरोबरच खाली येतात. तो अजून घाबरलेला आहे हे त्या तुकड्यांवरून कळते. कॅमेरा उलटा धरलेला असल्यामुळे तो पडताना वर चढताना दिसतो. हा चित्रपट बॉब पर्सिकेटी, पीटर रॅमसी आणि रॉडनी रॉथमन या तिघांनी दिग्दर्शित केला असून २०१९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. पण पुरस्कार बाजूला ठेवला, तरी या एका उडीसाठी मी तो कोणालाही दाखवेन. स्टॅन ली आणि डिटको दोघेही २०१८ मध्येच, चित्रपट लागण्याच्या आधी गेले. ली यांच्या आवाजातला एक म्हातारा दुकानदार पोशाख विकताना माइल्सला सांगतो की तो शेवटी अंगाला बसतोच. ते वाक्य आमच्या रांगेत सगळे अगदी शांत बसून ऐकत होते.

आपल्या मुलीसाठी दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. सुरुवातीच्या भागातच किंगपिन माइल्सच्या विश्वातल्या स्पायडर-मॅनला मारतो, आणि पुढे एरन काकाचा मृत्यू आहे. रक्त फारसे दिसत नाही, पण दोन्ही प्रसंग मनाला लागणारे आहेत, म्हणून पहिल्या वेळी तिच्या शेजारी बसावे. माझा भाचा दुसऱ्या प्रसंगात रडला होता आणि बाहेर आल्यावर त्यानेच तो मला पुन्हा समजावून सांगितला.

शेवटचे, आणि कदाचित आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल असे: हालचाली मधूनच विचित्र गुळगुळीत वाटल्या, असे आपण लिहिले आहे. नव्या टीव्हींमध्ये हालचाल सफाईदार दिसावी म्हणून दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी घालणारी एक सोय बहुधा आधीच चालू असते. पिक्चरच्या सेटिंगमध्ये ती बहुधा 'मोशन' किंवा 'स्मूथ' असा शब्द असलेल्या नावाखाली सापडेल. १२ आणि २४ च्या चालींतला फरक ती सोय बुजवून टाकते, आणि माइल्सची धडपड व पीटरची सफाई एकसारखीच दिसू लागते. ती पूर्ण बंद करून चित्रपट पहिल्यापासून लावावा, आणि जंगलातला प्रसंग आला की मुलीला फक्त माइल्सच्या पायांकडे पाहायला सांगावे.