प्रतिसाद : ‘ताकातून गोळी दिली तर चालेल का?’

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान रोज रात्री पितात, सकाळी चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो, अलीकडे ‘जगून काय करायचे’ असे बोलतात, आणि सासूबाईंना कोणी आणून दिलेल्या दारू सोडवण्याच्या गोळ्यांपैकी दोन यजमानांना न सांगता ताकातून दिल्या आहेत. त्या पुढे चालू ठेवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. ठेवू नका. मी डॉक्टर नाही, एका रुग्णाची धाकटी बहीण आहे, तेव्हा औषधांविषयी मी लिहिते ते मानसोपचारतज्ज्ञांकडून पडताळून घ्या. परंतु ही चूक नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरात माझ्याच हातून झालेली आहे.

पट्टीवर बहुधा डायसल्फिरॅम हे नाव असेल. आम्हाला ती एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाली, वर ‘आमटीत घाला, कळत नाही’ हा सल्लाही मिळाला. मी गोळी कागदाच्या घडीत ठेवून लाटण्याने चुरत असे आणि वहिनी ती दादाच्या वाटीत ढवळत असे. पाचव्या रात्री तो प्यायला बसला आणि अर्ध्या तासाच्या आत त्याचा चेहरा नि मान लालबुंद झाली, छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात, रक्तदाब उतरला. तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी ‘घरी काही औषध दिले आहे का’ असे दोन वेळा विचारले आणि आम्ही दोघी दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणालो. तिसऱ्यांदा विचारल्यावर वहिनीने खरे सांगितले. दादा वाचला, मात्र पुढे जवळजवळ वर्षभर तो घरी जेवला नाही. खानावळीत जेवायचा आणि घरी पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने माठातून घ्यायचा. उपचाराला चल म्हणण्याची सोयच आम्हाला उरली नाही.

मला नंतर समजले ते असे, की ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ती यकृतातील एका विकराचे काम रोखते, त्यामुळे दारूपासून बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचते आणि वर सांगितलेला प्रकार घडतो. प्यायलो तर त्रास होईल, हे माहीत असणे हाच तिचा खरा गुण आहे. म्हणूनच रुग्ण जाणून घेतो आणि घरातील कोणी समोर उभे राहून देते, तेथे तिचा उपयोग दिसतो. खरी गोळी की खोटी हे रुग्णाला कळू न दिलेल्या चाचण्यांत तो जवळपास दिसत नाही. मग न सांगता देऊन आपण साधतो काय, तर नुसता धोका. पुढे यकृताच्या तपासण्या करून हीच गोळी दादा रोज सकाळी वहिनीसमोर स्वतः घेऊ लागला आणि तेव्हा ती लागू पडली, हे लिहिताना आजही विचित्र वाटते.

दुसरे, सकाळी हात थरथरतो म्हणजे शरीराला सवय जडलेली आहे, त्यामुळे रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतून दारू एकदम बंद करवू नका. दारू थांबल्यावर फिटसारखे झटके बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात आणि भ्रम, भास असलेली गंभीर अवस्था साधारण दोन ते चार दिवसांत. डॉक्टर काही दिवस उतरत्या मात्रेत औषधे देतात, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. हे घरगुती काम नव्हे. ‘नुसत्या समुपदेशनाने सुटते’ असेही कोणी सांगेल. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मोजक्या भेटींनी तीन महिन्यांत ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले, तर नेहमीच्या उपचारांनी २६ टक्के. काम उत्तमच आहे, पण ते हानिकारक पातळीवर पिणाऱ्यांसाठी होते. थरथरीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी नव्हे.

तिसरे, मनाचे. आम्हाला एका ठिकाणी ‘आधी दारू सोडवा, मग नैराश्य पाहू’ आणि दुसऱ्या ठिकाणी नेमके उलटे सांगितले गेले, आणि या दोन खिडक्यांमध्ये चार महिने गेले. दारूमुळे आलेली उदासी काही आठवडे न प्यायल्यावर पुष्कळदा ओसरते, म्हणून डॉक्टर नैराश्याच्या गोळ्या सुरू करायला थांबू शकतात, ते रास्त आहे. जगण्याविषयीचे ते वाक्य मात्र थांबण्यासारखे नाही. ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा आणि दोन्ही आजार एकाच ठिकाणी पाहणारा विभाग शोधा. तोवर रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

ते यायलाच तयार नसतील, तर भांडून किंवा नातेवाईक गोळा करून कोंडीत पकडू नका. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, न पिण्याच्या वेळी जवळ येणे, प्यायल्यावर बाजूला होणे आणि योग्य क्षणी उपचाराचे सुचवणे हे शिकवलेल्या कुटुंबांपैकी ६४ टक्के कुटुंबांतील रुग्ण उपचाराला आले. नातेवाइकांनी समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के. वहिनीला हे कोणी शिकवले नव्हते. ती फक्त सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याच्याशी बोलायची.

आता तुमच्या दोन गोळ्यांचे. शेवटच्या गोळीनंतरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून आज संध्याकाळच्या आत, ते शुद्धीत असताना, त्यांना सांगा. ते चिडतील. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते, हेही सांगून ठेवा. आणि उद्या बाह्यरुग्ण विभागात जाताना ती पट्टी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना तीनदा विचारावे लागणार नाही.