दही न घालता लोणच्याचं डिप

ताई, लोणच्याचं व्हीगन, म्हणजे दूध-दही नसलेलं डिप काजू वाटून करू का, असं विचारलंत; पण त्यासाठी महागडे काजू कशाला? सोलापुरात शेंगदाण्याला काय तोटा! वाटीभर कच्चे दाणे रात्रभर भिजवा, सकाळी मऊ उकडून वाटा. भाजलेले घेतलेत तर चव थेट शेंगा चटणीकडे जाते. त्यात लिंबाच्या लोणच्याच्या दोनच फोडी, तेल निथळून. बिया मात्र एकूण एक काढा, एक जरी वाटली गेली तरी सगळं कडू. कैरीचं लोणचं असेल तर मिक्सरला लावूच नका; मोहरी वाटली की कडवटपणा उतरतो. फोडी बारीक चिरून वरून मिसळा. मीठ चव बघूनच, लोणच्यात भरपूर असतं. कडक भाकरीच्या तुकड्याने खाऊन बघा, काकडी-गाजरासोबतही छान लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.