बर्ड फ्लूची बातमी आणि तुमचे छोटे कुक्कुटपालन

मुळशीत शंभरेक गावरान कोंबड्यांपासून कुक्कुटपालनाला सुरुवात करण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र रोगाआधी बातमी येते आणि बहुतेकदा तीच अधिक नुकसान करते, हे आधीच गृहीत धरा. 2006 साली नवापुरात आणि 2021 साली परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पुण्यातही गिऱ्हाईक चिकनपासून दूर गेले. मोठ्या कंपनीशी करार असलेल्या शेतकऱ्याला भावातील घसरण थोडी कमी झोंबते, पण तुम्ही थेट विकणार असल्यामुळे पक्षी अंगावर पडतात आणि खाद्याचा खर्च मात्र थांबत नाही. म्हणून सगळी पिल्ले एकदम न घेता टप्प्याटप्प्याने घ्या आणि काही आठवड्यांच्या खाद्याचे पैसे बाजूला ठेवा.

पक्षी अचानक मरू लागले, तर मानमोडी (राणीखेत हा कोंबड्यांचा रोग) असेल असे स्वतःच ठरवू नका, कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू या दोन्ही रोगांची लक्षणे सारखी दिसतात. मेलेला पक्षी ओढ्यात फेकणे (दुर्दैवाने हे सर्रास चालते) टाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित कळवा. भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे लपवण्यात तुमचाच तोटा आहे. घाबरलेल्या गिऱ्हाइकाशी वाद न घालता, 70 अंशांपर्यंत नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, एवढेच शांतपणे सांगा.