पावसात पिवळे पडलेले काटेरी झुडूप

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मे महिन्यात आणलेल्या लाल फुलांच्या काटेरी झुडपाची पाने आता जुलैत पिवळी पडून गळत आहेत आणि बुंधा मऊ लागतो आहे. हे निवडुंग आहे की करवंदाचा एखादा शोभिवंत प्रकार, असे आपण विचारले आहे. वर्णनावरून हे युफोर्बिया मिली दिसते. रोपवाटिकांत ते क्राउन ऑफ थॉर्न्स या नावाने मिळते.

खात्री करायची असल्यास पान तोडून पाहावे. पांढरा चीक आला तर निवडुंग बहुधा बाद होते, कारण बहुतेक निवडुंगांचा रस पाण्यासारखा असतो. चीक मात्र करवंदालाही असतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. करवंदाची पाने जाड, चिवट आणि समोरासमोर असतात व फुले पांढरी, सुवासिक असतात. युफोर्बियाची पाने एकाआड एक येतात आणि शेंड्याकडे दाटलेली असतात, खाली उरते ती काट्यांनी भरलेली उघडी फांदी. निर्णायक खूण फुलात सापडते. दोन लाल पाकळ्या म्हणून जे दिसते ती रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलाजवळची बदललेली पाने असून खरी फुले त्यांच्या मधोमध, अगदी इवलीशी असतात. नाताळात दारोदारी दिसणारे पॉइन्सेटिया युफोर्बिया याच प्रजातीतले असल्याने तिथेही हाच प्रकार आढळतो. बोगनवेलीची सहपत्रे तीन आणि कागदासारखी असतात, शिवाय तिला चीक नसतो.

आता आजाराकडे. हे झुडूप मूळचे मादागास्करचे. मादागास्करजवळच्या रेयुनियों बेटाचे गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. खडकाळ, झटकन निचरा होणाऱ्या जमिनीत वाढणारे हे झाड आपल्याकडे वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, उघड्यावर सोसते. तेव्हा मुळे कुजणे ओघानेच आले. नुसती पाने गळली असती तर काळजीचे कारण नव्हते, परंतु मऊ बुंधा म्हणजे कूज वर चढू लागली आहे. हातमोजे घालून, धारदार सुरीने मऊ भागाच्या बरेच वर कापावे आणि आतला गाभा डागविरहित दिसेपर्यंत कापत जावे. उरलेल्या शेंड्याचा चीक पाण्याखाली धरून थांबवावा, कापलेली बाजू सावलीत कोरड्या जागी सुकून तिच्यावर पापुद्रा धरेपर्यंत ठेवावी आणि मगच जेमतेम ओलसर वाळूत लावावी. दमट हवेत सुकायला वेळ लागतो, तिथे घाई नको. एरवी फांद्या लावायच्या असतील तर पाऊस सरल्यावरच लावाव्यात.

कुंडी मातीची आणि खाली भोक असलेली घ्यावी. बागेच्या मातीत तितकीच जाडसर नदीची वाळू व जांभ्याची बारीक खडी मिसळावी. किनाऱ्यावरची वाळू खारट असते, ती वापरू नये. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून इतर झाडांना तो कितीही मानवत असला तरी मी इथे टाळतो. पावसाळ्यात कुंडी बलकांवात (घरापुढच्या छपराच्या ओसरीत) किंवा पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात ठेवावी आणि माती आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. ऑक्टोबरपासून भरपूर ऊन द्यावे. सावलीत पाने वाढतात, फुले मात्र रोडावतात. शेणखत थोडेच पुरे.

मोठ्या, बहुरंगी फुलांची थायलंडची संकरित रोपे हल्ली खूप खपतात. थायलंडमध्ये आठ फुलांचा गुच्छ शुभ मानतात. त्यांचे जाड बुंधे ओलीला साध्या लाल जातीपेक्षाही लवकर बळी पडतात, त्यामुळे नवख्याने लाल जातच घ्यावी, असे माझे मत आहे.

चीक त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना झोंबतो. छाटणी करताना चष्मा लावावा. डोळ्यात गेल्यास बराच वेळ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असतील तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.