‘ओ’ रक्तगटाला विषाणूंपासून सूट असते का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. माझे यजमान ‘ओ पॉझिटिव्ह’ आहेत आणि ‘ओ’ गटाला करोना सहसा होत नाही असे तेव्हा कुठेसे वाचल्यापासून ते निर्धास्त असतात. अलीकडे सोसायटीत उलट्या-जुलाबांची साथ आली, तेव्हा मात्र घरात तेवढे तेच आडवे झाले. सासूबाईंचा आणि माझा गट ‘बी’. आम्हा दोघींना काहीच झाले नाही. यात रक्तगटाचा हात असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : असू शकतो; पण हा संबंध विषाणूगणिक बदलतो. २०२० साली इटली आणि स्पेनमधील गंभीर करोनारुग्णांच्या जनुकीय पाहणीत ‘ए’ गटाला धोका काहीसा अधिक आणि ‘ओ’ गटाला काहीसा कमी असल्याचे आढळले, हे खरे. तथापि वय, मधुमेह आणि स्थूलता यांच्यापुढे हा फरक किरकोळ होता आणि ‘ओ’ गटाची माणसेही त्या साथीत दगावलीच.

पोटाच्या विषाणूंची गोष्ट अधिक रंजक आहे. आपण ज्याला रक्तगट म्हणतो ती पेशींवरील शर्करारेणूंची ठेवण असते आणि बहुतेकांच्या लाळेत व आतड्याच्या अस्तरावरही हे रेणू असतात. उलट्या-जुलाबांच्या साथी आणणारा नॉरोव्हायरस आतड्यात नेमका त्यांनाच चिकटतो. यातील नॉरवॉक हा मूळ प्रकार अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम पाजून पाहिला, तेव्हा ‘ओ’ गटाच्या व्यक्तींना बाधा अधिक झाली आणि ‘बी’ गटाच्या व्यक्तींना कमी. म्हणजे यजमानांच्या समजाच्या अगदी उलट. त्यातही ज्यांचे एफयूटी२ हे जनुक निष्क्रिय असते, त्यांच्या लाळेत आणि आतड्यात हे रेणू उतरतच नाहीत, त्यामुळे गट कोणताही असला तरी नॉरवॉक त्यांना सहसा बाधत नाही. रक्तदान शिबिरात मिळणाऱ्या कार्डावर याची नोंद नसते. (१९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईत नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ गटात तर ‘ए’ आणि ‘बी’ यांचा पाया असलेला ‘एच’ हा रेणू तांबड्या पेशींवरही नसतो.)

तरीही सोसायटीतल्या साथीचे खापर रक्तगटावर फोडण्याची घाई करू नये. शौचाची तपासणी झाल्याचे आपण लिहिलेले नाही. दोष टाकीच्या पाण्याचा किंवा बाहेरच्या खाण्यातील जीवाणूंचाही असू शकेल. शिवाय गेल्या काही दशकांत जगभर सर्वाधिक साथी आणणारा नॉरोव्हायरसचा प्रकार ‘ए’, ‘बी’, ‘ओ’ असा फारसा भेद करत नाही. तेव्हा आपण दोघींनीही गाफील राहू नये. या विषाणूवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली चोळूनच धुवावे लागतात. आणि जुलाब थांबल्यानंतरही किमान दोन दिवस यजमानांना घरच्यांसाठी काही रांधू देऊ नये.