क्वान यूची गस्त, हान शिनची गणती

प्रश्न : चिनी चहा ओतताना म्हणे जुन्या सेनापतींची नावं घेतात. खरं आहे का?

अगदी खरं. या पद्धतीला कुंगफू चहा म्हणतात, म्हणजे निगुतीनं, कौशल्यानं केलेला चहा. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातलं चाओचौ हे त्याचं घर. तिथे तीन इवल्याशा वाट्या एकमेकींना चिकटवून ठेवतात आणि चहादाणी त्यांच्यावरून गोलगोल फिरवत, मध्ये न थांबता ओततात. ही ‘क्वान यूची नगरगस्त’. क्वान यू हा तीन राज्यांच्या काळातला, म्हणजे चीन तीन राज्यांत विभागला गेला त्या सुमाराचा सेनापती. चिनी नाटकात त्याचा चेहरा लालभडक रंगवतात, आणि चाओचौची चहादाणीही लाल मातीची. तळाशी उरलेला दाट अर्क मग प्रत्येक वाटीत थेंबथेंब वाटतात, ती ‘हान शिनची सैन्यगणती’. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याचा हा सेनापती. ‘तू किती सैन्य सांभाळशील?’ असं ल्यू बांगने विचारल्यावर, ‘जितकं जास्त तितकं बरं’ असं त्याने उत्तर दिल्याची कथा चीनमध्ये सगळ्यांना पाठ असते.

हे सगळं कशासाठी? एकेक वाटी सलग भरली तर पहिली फिकी होते आणि शेवटची कडू. मला यात डावपेचांपेक्षा न्याय जास्त दिसतो. पाहुणा आणि यजमान, दोघांच्या वाटीत चहा सारखाच उतरला पाहिजे.

प्रश्न : म्हणजे ही पद्धत सुन त्झूच्या युद्धशास्त्रातून आली?

नाही. सुट्या पानांचा चहा मुरवून पिणं सर्वत्र रुळलं ते मिंग काळात. सम्राट होंगवूने १३९१ मध्ये दाबून केलेल्या वड्यांचा चहा नजराणा म्हणून घेणं बंद केलं, त्यानंतर. प्राचीन चिनी युद्धग्रंथाचा कर्ता सुन त्झू त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. त्यामुळे ‘युद्धनीतीचा चहा’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर पैसे घालवू नका.

चहाचा आणि लष्कराचा खरा संबंध घोड्यांचा आहे. सोंग राजवटीला युद्धासाठी घोडे हवे होते आणि तिबेटी लोकांना चहा. १०७४ पासून सिच्वानचा चहा देऊन घोडे घेण्याचा व्यवहार दरबाराने स्वतःच्या हाती घेतला.

प्रश्न : घरी करून बघता येईल?

येईल, पण आपली दाणेदार चहापूड चालणार नाही. ऊलाँगची, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारची, अख्खी पानं घ्या. चाओचौचा फेंगह्वांग दानत्सोंग मिळाला तर उत्तमच. १०० मिलीच्या भांड्याला ७ ग्रॅम पानं आणि खळखळ उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच ओतून टाका. पुढचं १०-१५ सेकंदांत वाट्यांत उतरवा, मग दर खेपेला वेळ थोडा वाढवा. शेवटचे थेंब मात्र आळस न करता निथळून घ्या, कारण आत राहिलेल्या पाण्यात पानं मुरत राहतात आणि पुढची खेप तुरट होते.