पहिल्या आठवड्यात एवढंच कर

अरे, कामाच्या वेळात टाइमपासच्या साइट उघडायची सवय मोडायची म्हणतोस, पण पहिल्याच दिवशी तू त्या सगळ्या एका झटक्यात बंद करून टाकल्यास, तिथेच गडबड झाली. मीही तेच केलं होतं; तिसऱ्या दिवशी साइट अडवणारा ब्लॉकर मीच काढून टाकला. कुलूप आपलं, किल्लीही आपल्याच खिशात!

आधी दोन दिवस फक्त नोंद ठेव. हात आपोआप नव्या टॅबकडे गेला की वहीत वेळ लिही आणि तेव्हा समोर कुठलं काम होतं तेही. माझ्या वहीत दुपारी तीननंतरची एक्सेल शीट सारखी सापडायची. म्हणजे दोष क्रिकेटच्या स्कोअरचा नव्हता, त्या कंटाळवाण्या शीटचा होता. ती मी सकाळी उरकायला लागलो.

मग हे:

- सर्वांत जास्त वेळ खाणारी एकच साइट निवड. तिथून लॉगआउट हो, पासवर्ड सेव्ह ठेवू नकोस.
- फोन उलटा ठेवून भागत नाही. बॅगेत टाक.
- २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. पोमोडोरो (इटालियनमध्ये टोमॅटो) म्हणतात ते हेच. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलोने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर सुरू केलेलं. सुट्टीत उठून चहा घे. रील्स उघडलेस तर पाचाची वीस मिनिटं कधी होतात कळत नाही.

रील्स, स्कोअर लोकलसाठी राखून ठेव. बोरिवली ते चर्चगेट तासभर मिळतो (विरार फास्टमध्ये मात्र फोन काढायलाही हात मोकळा नसतो).

राउटरची सेटिंग, होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरमध्येच साइट अडवायची फाइल) वगैरे तांत्रिक उपाय आत्ता नकोच. आठवड्याने वहीत काय दिसलं ते सांग.